ढालीचे शंभर मार्क

१ ऑक्टोबर, रविवार. सकाळी अकरा.
जिल्हा कार्यालयाचं पत्र आलं. दीर्घसेवा पदकासाठी माझ्या नावाची शिफारस झाली आहे. बावीस वर्षं स्काऊट पथक चालवतोय, आत्ता कुठे यांचे डोळे उघडले. समारंभ १९ नोव्हेंबरला, आपल्याच शाळेच्या मैदानावर, जिल्हा आयुक्तांच्या हस्ते. त्याच दिवशी पथकातल्या वर्षातल्या सर्वोत्तम मुलाला किंवा मुलीला ढाल. पदकाला अट एकच. त्या तारखेला पथकप्रमुखाविरुद्ध पालकांची एकही लेखी तक्रार शिल्लक नसावी.

हसू आलं. मग गेल्या वर्षीची ढाल आठवली आणि हसू गेलं. गेल्या वर्षी ढालीवरून तीन पालकांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. एकाने माझ्याशी टाकलं. एक अजून बोलतोच आहे.

संकल्प : यंदा तक्रारीला जागाच ठेवायची नाही. वशिला नाही, भीड नाही. मार्कांची पद्धत. भिंतीवर तक्ता.

१ ऑक्टोबर. दुपार.
पदकाचं हिला सांगितलं. म्हणाली, छान. आणि मागच्या गॅलरीतली कपड्यांची दोरी पुन्हा सुटली आहे, ती बांधून द्या. बावीस वर्षांच्या सेवेला घरात एवढा मान.

दोरी बांधली.

२ ऑक्टोबर, सोमवार.
तक्ता तयार. एकूण शंभर मार्क. हजेरी पंचवीस, समाजसेवा पंचवीस, बॅज पंचवीस, गाठी पंचवीस. गाठी हा माझा विषय. हजेरीत खोटं बोलता येतं, सेवेत तर येतंच येतं. गाठ खोटं बोलत नाही. बसली तर बसली. सगळ्या गाठींचा पाया रीफ नॉट, दोन सारख्या दोऱ्यांची टोकं बांधायची गाठ. म्हणून नियम केला : रीफ नॉट चुकली तर गाठींचे पंचवीसच्या पंचवीस मार्क गेले. पाया नाही तर इमारत कसली?

माझं सूत्र बावीस वर्षं मुलांच्या तोंडी आहे. उजवं डाव्यावर, पुन्हा उजवं डाव्यावर. उजव्याला मान दोनदा. सोपं, ठसठशीत, विसरायची सोय नाही. बाकीची पथकं काय शिकवतात कोण जाणे. मी बघायला जात नाही.

८ ऑक्टोबर, रविवार.
पालक सभा. शाळेच्या मागच्या शेडमध्ये. वीस खुर्च्या मांडल्या. पालक एकतीस आले. ढालीचा विषय असला की आजारी माणूससुद्धा उठून येतो. शिबिराचं सामान लावायला हेच लोक कधी दिसत नाहीत.

तक्ता दाखवला. पाच मिनिटं शांतता. माझ्या पद्धतीचा विजय असं वाटलं. मग वकील उठला. त्याचा मुलगा पथकात चार वर्षं आहे, आणि चार वर्षं हा प्रत्येक सभेत उठतो. त्याने विचारलं, हजेरी म्हणजे नेमकं काय? मुलगा शेडमध्ये आला पण मन घरी राहिलं तर हजर धरणार का? मी म्हटलं, मनाचं रजिस्टर मी ठेवत नाही. लोक हसले. वकिलाने काहीतरी लिहून घेतलं.

मग दंतवैद्य बाई उठल्या. त्यांच्या मुलाच्या दातांना तारा आहेत, त्या घट्ट करायच्या दिवशी त्याला यायला जमत नाही. त्या दिवशी अर्धी हजेरी द्यावी. मी विचारलं, तारा कोण घट्ट करतं? म्हणाल्या, मीच. म्हणजे सुट्टी देणारी आई, दात ओढणारी आई आणि हजेरी मागणारीही आईच.

माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, शेवटच्या रांगेत बसला होता. टाइल्सचं दुकान आहे त्याचं. सभा संपल्यावर खांद्यावर हात टाकून म्हणाला, दाजी, भाची तुमचीच आहे, मी काय बोलू? आणि वीस मिनिटं बोलला.

एकच पालक सुधारलेली. इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. रात्रपाळी करून आली होती, खिडकीशी बसली, काही विचारलं नाही, शेवटी खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या. तिची मुलगी उंच, गप्प, हजेरी पूर्ण. डिसेंबरात वयाची मर्यादा ओलांडणार म्हणून तिचं हे शेवटचं वर्ष. पालक असावेत तर असे. तक्रार करायची ताकदच नसलेले.

११ ऑक्टोबर, बुधवार.
कारखान्यात कटकट. वह्यांचा कारखाना, डिस्पॅच माझ्याकडे. म्हणजे बारा बारा डझनांचा गठ्ठा, त्याला सुतळी, मग ट्रकमध्ये. दुकानदाराचा फोन : गठ्ठे सुटलेले आले, वह्यांचे कोपरे दुमडले. या महिन्यातली सातवी तक्रार. ट्रक ड्रायव्हरला मेमो दिला. खड्डे बघून गाडी चालवत नाही. तो म्हणाला, साहेब, रस्ता नवीन झालाय, खड्डा दाखवा. उचलली जीभ लावली टाळ्याला.

पॅकिंगला एक नवीन बाई लागली आहे. माझ्या सूत्राने न बांधता स्वतःच्याच पद्धतीने सुतळी बांधते. तिलाही तोंडी समज दिली. कामात सारखेपणा हवा. तिचे गठ्ठे सुटत नाहीत म्हणतात. नवीन आहे, नशीब जोरावर असतं.

१५ ऑक्टोबर, रविवार.
गाठींची परीक्षा. सेहेचाळीस मुलं, पाच गाठी. मुलांनी रीफ नॉट डोळे मिटून बांधल्या. उजवं डाव्यावर, पुन्हा उजवं डाव्यावर. ऊर भरून आला. एवढ्या हातांत आपण उतरलो आहोत.

एक अपवाद. नर्सची मुलगी. बाकी तीन विषयांत तिला पंच्याहत्तरपैकी बहात्तर, सगळ्यांच्या पुढे. ढाल तिच्याच हातात होती म्हणायची. आणि रीफ नॉटला पहिला वेढा बरोबर घातला, दुसऱ्याला डावं उजव्यावर! मी म्हटलं, पुन्हा बांध. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. हळू आवाजात म्हणाली, सर, पुस्तकात असंच आहे.

मी समजावलं की पुस्तकातलं चित्र छापताना उलटं झालं आहे. ती दोरी सोडून, गुंडाळून, जागेवर ठेवून गेली. नियम म्हणजे नियम. पंचवीसपैकी शून्य. एकूण बहात्तर. मला काय आनंद झाला का? नाही झाला. पण हट्टाला मार्क नसतात.

पुस्तक : शेडमधल्या कपाटाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली आहे. काढलं तर कपाट डुगडुगेल.

निकाल : दंतवैद्याचा मुलगा ९१. वकिलाचा ९०. भाची ८८. तक्ता भिंतीवर लावला आणि निघालो. कसा पारदर्शक, स्वच्छ, वादाला जागा नाही.

१५ ऑक्टोबर. संध्याकाळ.
नऊ फोन.

१६ ऑक्टोबर, सोमवार.
वकिलाचं पत्र, चार पानी. लेखी तक्रार क्रमांक एक. आशय असा की त्याच्या मुलाने वर्षभरात चौदा वेळा एका वृद्ध गृहस्थांना रस्ता ओलांडून दिला, त्याचे पूर्ण मार्क मिळाले नाहीत. वर्णन असं की डोळ्यांत पाणी यावं.

दुपारी दंतवैद्य बाईंचं पत्र. लेखी तक्रार क्रमांक दोन. त्यांनी चौकशी केली आहे. चौदाही वेळा वृद्ध गृहस्थ एकच. ते वकिलाचे सासरे. राहतात अलीकडच्या बाजूला, पलीकडे त्यांचं काही काम नाही. नातू सात वेळा पलीकडे नेतो, सात वेळा परत आणतो. एकदा म्हणे म्हाताऱ्याला चप्पलही घालू दिली नाही.

वाचून मी टेबलावर हात आपटला. मग बाईंच्या मुलाची सेवा पाहिली. वृक्षारोपण, दहा झाडं. दहाही कुंड्यांत, कुंड्या दवाखान्याच्या गॅलरीत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

संध्याकाळी मेहुणा आला, फोटोंचा अल्बम घेऊन. भाचीने प्रथमोपचार केल्याचे फोटो. तेवीस फोटो, एकच कुत्रं. पट्टी कधी पुढच्या पायाला, कधी मागच्या. कुत्र्याचा चेहरा प्रत्येक फोटोत जास्त वैतागलेला. मेहुणा म्हणाला, दाजी, तीन मार्कांसाठी ताईला वाईट वाटेल. हिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. ही गॅलरीत खाली पडलेले कपडे पुन्हा धुवायला गोळा करत होती. मला म्हणाली, दोरी. मी म्हटलं, ओले कपडे जड असतात, तेवढे एकदम वाळत घालू नयेत.

मेहुण्याने जाताना लेखी तक्रार क्रमांक तीन टीपॉयवर ठेवली. घरचा माणूस म्हणून पाकीट घातलं नाही.

१८ ऑक्टोबर, बुधवार.
तीन तक्रारी, एक पदक. विचार केला. कडक भूमिका घ्यायची, हे ठरलं. नियमापुढे सगळे सारखे.

१९ ऑक्टोबर, गुरुवार.
फेरविचार केला. सगळे सारखेच असतील तर मार्कही सारखे का नसावेत? वकिलाच्या मुलाला एक वाढवला, म्हाताऱ्याच्या चपलेबद्दल. भाचीला तीन वाढवले, कुत्र्याच्या सहनशीलतेबद्दल. तिघेही ९१. याला दबाव म्हणत नाहीत, मॉडरेशन म्हणतात. विद्यापीठात सर्रास करतात.

२२ ऑक्टोबर, रविवार. दुपार.
नर्सबाई घरी आल्या. ड्युटीवरून थेट, पिशवी हातातच. मला वाटलं, आली तक्रार क्रमांक चार. पण त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, सर, राग मानू नका, एक दाखवायचं होतं. पिशवीची नाडी काढून टेबलाच्या पायाला गाठ बांधली. आधी माझ्यासारखी, उजवं डाव्यावर दोन्ही वेळा. ओढली. सरकत सरकत सुटली. मग आपल्या मुलीसारखी, दुसऱ्यांदा उलट. ओढली, ती गच्च बसली. म्हणाल्या, थिएटरमध्ये टाक्याची गाठ आम्ही अशीच देतो, नाहीतर आत सुटते आणि पेशंट जातो. पोरगी ती माझ्याकडे बघून नाही शिकली, पुस्तकातून शिकली. तिला ढाल द्यायची नसेल तर नका देऊ, पण चूक नसताना शून्य नको. एकदा पुस्तक बघाल का? मी लेखी काही देणार नाही.

मी शांतपणे समजावलं. इस्पितळातला दोरा वेगळा, स्काऊटचा दोर वेगळा. आपापल्या क्षेत्रात राहिलेलं बरं. शिवाय टेबलाचा पाय गुळगुळीत आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, पेशंटकडे बघतात तसं. चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला, गेल्या.

मग ही म्हणाली, त्या म्हणतात ते खरं असलं तर? मी म्हटलं, बावीस वर्षं. ही म्हणाली, तेच म्हणतेय मी. या वाक्याचा अर्थ लागला नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार.
कपाटाखालचं पुस्तक काढायला शेडमध्ये गेलो होतो. कपाट खरंच डुगडुगलं. परत ठेवलं.

५ नोव्हेंबर, रविवार.
तोडगा. ढाली तीन. तिघेही संयुक्त सर्वोत्तम. तक्रारी मागे घेतल्याची पत्रं समारंभाआधी माझ्या हातात. तिन्ही पालकांना शेडमध्ये बोलावून सांगितलं. मग वकिलाने विचारलं, संयुक्तमध्ये पहिलं नाव कोणाचं? दंतवैद्य बाई म्हणाल्या, फोटोत मधे कोण? मेहुणा म्हणाला, दाजी, तिन्ही ढाली एकाच मापाच्या ना?

पट्टी आणून तिन्ही ढाली मोजल्या. तिघांसमोर.

नावं उंचीनुसार घ्यायची असं ठरलं, तर बाईंनी मुलाला उद्यापासून जाड तळाचे बूट घालून आणीन म्हणून सांगितलं. शेवटी गोलात नावं लिहायची ठरली. गोलाला सुरुवात नसते. माझी कल्पना. यांच्या डोक्यात ही कधी आली असती?

नर्सच्या मुलीला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं. शिवाय समारंभात प्रथमोपचाराच्या पेटीजवळ उभं राहायचं काम. तिला सांगितलं तर म्हणाली, पेटीजवळ उभी राहीन, प्रमाणपत्र नको. म्हटलं का? म्हणाली, उत्तेजन नकोय सर. गाठ बरोबर आहे.

किती शेफारली आहेत मुलं.

१२ नोव्हेंबर, रविवार.
तक्रारी मागे घेतल्याची तिन्ही पत्रं मिळाली. वकिलाचं सहा पानी. तक्रार चार पानी होती, ती मागे घ्यायला सहा लागली. शिल्लक तक्रारी : शून्य. पदक आता फक्त छातीवर यायचं बाकी.

आनंदाच्या भरात कार्यक्रमात एक बाब वाढवली. पालकांची रस्सीखेच. पालकांत एकोपा वाढावा म्हणून. एकीकडे वकिलाची बाजू, दुसरीकडे दंतवैद्य बाईंची. वकिलाने नियम लेखी मागितले. दिले.

१८ नोव्हेंबर, शनिवार.
रस्सीखेचीचा मोठा दोर सापडेना. सगळं शेड धुंडाळलं. घरी आल्यावर आठवलं, गेल्या वर्षी मीच कापून त्याची कपड्यांची दोरी केली होती. काखेत कळसा. उरलेल्या दोन तुकड्यांची टोकं जोडायची. तिन्ही विजेत्यांना घरी बोलावून त्यांच्याकडून रीफ नॉट बांधून घेतली. तिघांचाही हात त्या गाठीला लागलाच पाहिजे असा तिघांच्या घरून आग्रह होता. तिघांनी ओढून पाहिली. मीही पाहिली, हळू. उगाच ताण कशाला?

उद्यासाठी भाषण पाठ. त्यात मार्मिक वाक्य : गाठ घट्ट असली की माणसं जवळ येतात.

१९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी सहा.
गणवेशाला इस्त्री. पदकासाठी डाव्या खिशावर जागा मोकळी ठेवली. हिने विचारलं, एवढी मोठी? म्हटलं, पदकाचं माप माहीत नाही.

१९ नोव्हेंबर. संध्याकाळ.
जे झालं ते क्रमाने लिहितो. पुढे कोणी विपर्यास करू नये.

आयुक्त वेळेवर आले. वृद्ध, बारीक, बोलणं कमी. संचलन उत्तम. कार्यक्रमपत्रिकेत आधी रस्सीखेच, मग ढाली, मग पदक. चूक तिथेच झाली. पदक आधी ठेवायला हवं होतं.

पालक दोन्ही बाजूंना बारा बारा. वर्षभराचा राग दोरावर काढायची संधी मिळाल्यावर ते जसे ओढू लागले, तसा एकोपा मी जन्मात पाहिला नाही. वकिलाचा चेहरा लाल. दंतवैद्य बाईंचे दात आवळलेले. मी भाषणातलं वाक्य मनात घोळवत होतो. तेवढ्यात मधली गाठ सरकली. मला दिसली सरकताना. सरकत सरकत, अगदी नर्सबाईंनी टेबलाच्या पायाला दाखवली तशी. आणि सुटली.

चोवीस पालक एका क्षणात पाठीवर. धूळ खाली बसायला वेळ लागला. प्रतिष्ठित माणसांच्या बुटांचे तळ मी प्रथमच एवढे एका ओळीत पाहिले.

कोणाला गंभीर दुखापत नाही. वकिलाचं मनगट मुरगळलं. त्याला झोळी बांधायला दंतवैद्याचा मुलगा धावला. त्रिकोणी कापड गळ्यात घातलं, टोकांना गाठ मारली, उजवं डाव्यावर, पुन्हा उजवं डाव्यावर. माझा विद्यार्थी. वकिलाने हात टाकला, गाठ सुटली, हात खाली, वकील ओरडला. मग भाची आली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली, वकील पुन्हा ओरडला. तिसऱ्या वेळी त्याचा स्वतःचा मुलगा पुढे आला तेव्हा वकील म्हणाला, तू लांब राहा.

पेटीजवळून नर्सची मुलगी आली. पहिला वेढा, दुसरा उलटा. झोळी बसली. वकील गप्प झाला. चार वर्षांत प्रथम.

आयुक्त उठून आले. झोळीची गाठ बोटाने चाचपली. विचारलं, कोणी शिकवली? ती म्हणाली, पुस्तकाने. मग त्यांनी तिन्ही विजेत्यांना आपला रुमाल दिला आणि प्रत्येकाला रीफ नॉट बांधायला लावली. तिन्ही वेळा रुमाल बघितला. म्हणाले, ही रीफ नॉट नाही. दोन्ही वेळा एकाच बाजूने गेली की ही गाठ होते, ती सुटते. स्काऊटमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात, की ही बांधायची नाही. तुम्हाला कोणी शिकवली?

तिघांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सावधानमध्ये उभं राहून. शिस्त माझीच.

आयुक्तांच्या हातात लहानशी मखमली डबी होती. ती त्यांनी खिशात ठेवली. बघू, म्हणाले. ढाली कोणालाच दिल्या नाहीत. बावीस वर्षांत किती मुलं झाली तुमच्या हाताखालून, एवढं विचारलं. मी सांगितलं, साधारण सातशे. ते बराच वेळ मान हलवत राहिले.

नर्सबाई तेव्हा दंतवैद्य बाईंच्या कमरेला पट्टा बांधत होत्या. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

१९ नोव्हेंबर. पुन्हा.
कपाटाखालचं पुस्तक काढलं. चित्र बरोबर छापलं आहे.

२० नोव्हेंबर, सोमवार.
लेखी तक्रार. एकच, संयुक्त. वकील, दंतवैद्य, मेहुणा, तिघांच्या सह्या. नावं गोलात. माझीच कल्पना. एकोपा झाला म्हणायचा.

कारखान्यात साहेबांनी बोलावलं. नव्या पॅकिंगवाल्या बाईंकडून सगळ्यांनी सुतळी बांधायला शिकून घ्यावं, माझ्यासकट. ड्रायव्हरचा मेमो मागे. ड्रायव्हर दारात उभा होता. नुसता हसला असता तरी चाललं असतं.

२६ नोव्हेंबर, रविवार.
आयुक्तांच्या आदेशाने गाठींची फेरपरीक्षा झाली. बाकी सगळ्या मुलांच्या गाठींना शून्य. मॉडरेशनही रद्द. नर्सच्या मुलीला पंचवीस. एकूण सत्त्याण्णव. ढाल तिला. माझ्याच हाताने द्यायची होती, दिली. दोन ढाली उरल्या, कपाटात ठेवल्या. कपाट डुगडुगतं.

ढाल घेताना तिने माझे आभार मानले. मग म्हणाली, सर, डिसेंबरपर्यंत मी लहान मुलांना गाठी शिकवू का? पुन्हा पहिल्यापासून शिकवाव्या लागतील ना? आणि थोडं थांबून, तुम्हाला बसायचं असेल तर तुम्हीपण बसा. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. टोमणा नव्हता. मी दोरीचा तुकडा खिशात घालून घरी आलो. वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. एकदाच.

३० नोव्हेंबर, गुरुवार.
जिल्ह्याचं पत्र. पदकाची शिफारस स्थगित.

का? एका गाठीवरून? बावीस वर्षांची हजेरी मोजली का कोणी? शिबिरं मोजली? दोन वर्षांपूर्वी ताप असताना मी संचलन घेतलं, त्याचे मार्क कुठे आहेत? नियम काय, निकष काय, तक्ता कुठे आहे? लेखी तक्रार करणार. आयुक्तांच्या विरुद्ध.

३ डिसेंबर, रविवार.
तक्रार पूर्ण. अकरा पानी. सोबत पुरावे : हजेरीपत्रकं, फोटो, ताप मोजल्याचा कागद. हिने वाचून विचारलं, वकिलाने लिहून दिली का? मी म्हटलं, माझी स्वतःची. ही म्हणाली, हो, कळतंय.

गॅलरीतली दोरी आता हीच बांधते. तीन आठवडे पडलेली नाही. वारा नाहीये सध्या.

४ डिसेंबर, सोमवार. दुपार.
तक्रारीचा गठ्ठा घेऊन जिल्हा कार्यालयात निघालो. सुतळीने पक्का बांधला. कसा बांधला हे सांगायची गरज नाही. बावीस वर्षांची सवय हाताला असते, आणि एवढ्या कागदांना नवीन शिकलेली गाठ कोण लावणार?

बाजारातल्या चौकात, बरोबर मधोमध, गठ्ठा सुटला. अकरा पानं, हजेरीपत्रकं, सगळं वाऱ्यावर. वारा होता. गाड्यांचे हॉर्न. मी रस्त्यात वाकून कागद गोळा करत होतो, तेवढ्यात कोणीतरी माझा दंड धरला. वकिलाचे सासरे. त्यांनी हात वर करून गाड्या थांबवल्या, मला पलीकडे नेलं, कट्ट्यावर बसवलं, पुन्हा जाऊन कागद वेचून आणले. सराईत माणूस, चौदा फेऱ्यांचा अनुभव. चपला घातलेल्या होत्या. गठ्ठा त्यांनीच बांधून दिला. दुसऱ्या वेढ्याला डावं उजव्यावर.

मग माझ्याशेजारी टेकले आणि विचारलं, याचे मार्क कोणाला मिळतात?